न्हाणीघराच्या तीन पायऱ्या

"बाई, हे पाणी काय आपलं ऐकंना," इस्माईल म्हणाला.

अर्धवट बांधलेल्या न्हाणीघराच्या कोब्यावर त्याने बादलीभर पाणी ओतलं होतं. मी दारात उभी राहून पूर्वेकडे हात करत होते, वाहतूक पोलीस करतो तसा. पाणी पश्चिमेला निघालं. भिंतीला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडलं, वाळूच्या ढिगाला वळसा घालून सरळ पमीच्या हद्दीत शिरलं आणि तिने नुकत्याच लावलेल्या लिंबाच्या आळ्यात जाऊन थांबलं.

"परत ओत," मी म्हटलं.

"परत बी तिकडंच जाणार की, बाई."

"ओत म्हटलं ना!"

त्याने ओतलं. पाणी तिकडंच गेलं, या खेपेला तर जरा घाईनेच गेल्यासारखं वाटलं. पलीकडे पमी पालथ्या घमेल्यावर बसून चहा पीत होती. ती माझी धाकटी बहीण. तिचंही घर आमच्याला लागूनच उठत होतं.

"ताई, छान येतंय गं," ती म्हणाली. "येऊ दे, येऊ दे."

"तुला नकोय ते. मला इकडे पाहिजे."

"अगं पण उतार इकडे आहे. तू सोड बिनधास्त. तुझं पाणी, माझी जमीन. मधे भिंतच नको घालायला. दोघींची मिळून एक बाग करू."

"म्हणजे अंघोळी आम्ही करायच्या आणि लिंबं तू खायची?"

इस्माईल खाली मान घालून हसला. गवंडीकाम आणि नळकाम दोन्ही तोच करायचा, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं भांडण त्याला फुकटात ऐकायला मिळत असे.

आता हे सांगायलाच हवं की मी तेव्हा कन्याशाळेत भूगोल शिकवत होते. समोच्चरेषा, उतार, नदीची खोरी, जलविभाजक, सगळं. "पाणी उंचाकडून सखल भागाकडे वाहते" हे वाक्य मी अर्ध्या तालुक्यातल्या मुलींकडून घोटून घेतलं होतं. जिने लिहिलं नाही तिला बाकावर उभी केली होती. आणि तीच मी, पदर खोचून, एका बादली पाण्याला उलट्या दिशेला जा म्हणून दटावत होते.

जागा वडिलांची. पोस्टात नोकरी करून त्यांनी गावाबाहेर माळावर एक लांबट तुकडा घेऊन ठेवला होता. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडील गेल्यावर आई म्हणाली, "दोघींनी निम्मं निम्मं घ्या. इंदे, तू मोठी, तू आधी सांग." मी भूगोलाच्या नजरेने जमीन बघितली आणि वरची बाजू मागितली. पावसाळ्यात सगळा चिखल खाली, म्हणजे पमीकडे जाणार आणि मी कोरडी राहणार, हा त्यातला डाव. मोठ्याने मी एवढंच म्हटलं की मला सकाळचं कोवळं ऊन फार आवडतं. पमी बिचारी म्हणाली, "घे की ताई, मला काय, कुठलंही चालेल." चिखल उतरतो तसं बाकीचंही पाणी उतरतं, हे मात्र माझ्या भूगोलात बसलं नव्हतं.

पण खरी ओढाताण जमिनीवरून नव्हती. आईवरून होती. आई तेव्हा चार महिने माझ्या भाड्याच्या घरात आणि चार महिने पमीच्या भाड्याच्या घरात अशी राहायची. उरलेले महिने मामाकडे गावी. पमीचे यजमान लवकर गेले, मुलगा नोकरीला लांब, आणि ती सरकारी दवाखान्यात नर्स. माझ्याकडे आमचे हे, म्हणजे घरात माणूस आहे एवढं जाणवण्यापुरतंच बोलणारे गृहस्थ. घरं बांधायला काढली तेव्हा आई म्हणाली होती, "सारखी पिशवी भरून मी कंटाळले गं. घरं होऊ द्यात. मग एकीकडेच काय ती राहीन शेवटपर्यंत."

एकीकडे. कुणीकडे ते तिने सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आई माझ्याकडेच यायला हवी होती. मी थोरली होते, घर माझं मोठं होतं आणि, हे आता म्हणायला हरकत नाही, लहानपणापासून आईच्या कुशीतली भिंतीकडची जागा पमीने बळकावली होती, त्याचाही हिशोब व्हायचा होता. मला वाटलं, बाग केली की आई येईल. आईला फुलांचं भारी वेड. देवाला विकतचं फूल वाहिलं की तिला पूजा केल्यासारखं वाटायचं नाही. पण आमच्या गावात नळ कधी येईल ते सांगता येत नसे आणि उन्हाळ्यात टँकरमागे पळावं लागे. प्यायलाच पुरेना तिथे मोगऱ्याला कुठून आणणार?

नेमकी त्याच सुमाराला मी एका कृषी प्रदर्शनात गेले. तिथे एका तंबूत अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी बागेला कसं वापरायचं ते मांडून ठेवलं होतं. संडासाचं पाणी वेगळं, खरकट्याचं तेलकट पाणी वेगळं, आणि न्हाणीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून कर्दळीच्या मुळांशी. तिथून पुढे आळ्यात. मी भारावले. घरी आले ती झपाटल्यासारखीच. शाळेतले रंगीत खडू आणून भिंतीएवढा नकाशा काढला. निळ्या रेघेने न्हाणी, हिरव्या रेघेने धुण्याची मोरी, आणि सगळ्या रेघा वरच्या अंगाला, फाटकाजवळच्या बागेत. मोगरा, अनंत, जास्वंद, दोन केळी, कढीपत्ता.

आईला दाखवला. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मोरीमागचं अळू."

"अळू नाही गं आई, हे शास्त्रीय आहे."

"असेल की. आमच्या अळवाला कुणी शास्त्र विचारलं नव्हतं. तरी यायचं बाई कानाएवढ्या पानांचं. हत्तीच्या कानाएवढ्या."

मी नकाशाची गुंडाळी केली. दुसऱ्याच आठवड्यात उन्हाळ्यासाठी ती मामाकडे गावी गेली, आणि त्यामुळे पुढचं जे काही झालं ते तिच्या पाठीमागे झालं.

तर त्या दिवशी बादल्या ओतून झाल्यावर मी इस्माईलला विचारलं, "पाणी पूर्वेला न्यायचं तर काय करायचं?"

"पाणी खालनं वर जात न्हाई, बाई."

"ते मला सांगू नकोस, मी शिकवते ते. न्हाणीघर फोडून पलीकडे बांधता येईल?"

"येतंय की. पर संडासची लाईन हिकडं, टाकी हिकडं. समदं फोडावं लागंल."

"मग न्हाणीघरच उंच केलं तर?"

इस्माईलच्या तोंडून नाही हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्याला उद्या ताजमहाल उलटा बांध म्हटलं असतं तरी त्याने आधी बिडी विझवली असती आणि मग म्हणाला असता, होतंय की. तेव्हाही त्याने डोकं खाजवलं, पाण्याची लेव्हल नळी धरून इकडून तिकडे फिरला, भिंतीवर कोळशाने खुणा केल्या आणि म्हणाला, "होतंय की, बाई. तीन पायऱ्या चढून जावं लागंल न्हायला."

"चालेल."

"वर स्लॅब पडलाय. तो काय वर सरकणार न्हाई. साहेब उंच हाईत."

"साहेब वाकतील."

साहेब वाकले. आमचे हे पुढे कितीतरी दिवस मान तिरकी करून अंघोळ करत होते. पहिल्या दिवशी स्लॅबला डोकं आपटलं तेव्हा आतून फक्त "हं" असा आवाज आला. तो त्यांचा त्या वर्षातला सर्वांत मोठा निषेध.

भरावाला मुरूम येऊन पडला तेव्हा पमी बघायला आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, घरात तीन पायऱ्या? न्हाणीत जायला?"

"मग? देवळात नाही चढत?"

"देवळात ओल्या पायांनी उतरत नाही आपण. जरा विचार कर."

"तुझ्या लिंबाचं पाणी तुटलं, म्हणून एवढी काळजी. कळतं मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, ओठ हललेसुद्धा. मग म्हणाली, "कर बाई तुला हवं तसं." आणि गेली. जिंकले म्हणून मी त्या दिवशी इस्माईलला भजी खाऊ घातली.

आणि खरं सांगते, ते सगळं चाललं. हेच तर! फसलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. पाणी तीन पायऱ्यांच्या उंचीवरून उतरून, नळातून, खडीतून, कर्दळीतून माझ्या फाटकाशी सुरळीत यायला लागलं. वास्तुशांतीची वाट न बघता आम्ही तिथे राहायलाही गेलो आणि साबणाऐवजी डाळीचं पीठ आणि शिकेकाई लावायला लागलो, मोगऱ्याला बाधू नये म्हणून. आलेल्या पाहुण्याला मी चहाच्या आधी अंघोळीचं विचारायचे. यांचे एक मित्र सहज पेपर मागायला आले होते, त्यांनाही टॉवेल दिला. ते पुन्हा आले नाहीत. पण मोगऱ्याला कळ्या धरल्या.

दोन्ही वास्तुशांती एकाच दिवशी झाल्या. आई मामाबरोबर आली, दोन्हीकडे जेवली, दोन्ही घरांत सगळ्या खोल्यांतून हिंडली, पण माणसांच्या गर्दीत न्हाणीघराकडे काही ती गेली नाही. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तिने आपली पिशवी उचलली आणि माझ्या घरात आणून ठेवली. देवांचा डबा आमच्या देवघरात ठेवला, वर आपला पंचा पसरला आणि म्हणाली, "चहा टाक गं इंदे."

मी चहा टाकला, पण दूध कुठे आणि साखर कुठे काही समजेना, इतका मला आनंद झाला होता. पमीच्या घरात दिवा लागलेला खिडकीतून दिसत होता. मी खिडकी लावून घेतली.

सकाळी आई पंचा आणि लुगडं खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे गेली आणि पायऱ्यांपाशी थांबली.

"इंदे, वरती कोण राहतं?"

"वरती नाही आई, न्हाणीच आहे ती. पाण्याला उतार मिळावा म्हणून."

"पाण्याला उतार," आई म्हणाली. तिने चौकट धरली, एक पाय वर ठेवला. तिचे गुडघे तेव्हा पार गेले होते. मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. रात्री मीच तेल लावून द्यायचे. पण नकाशात गुडघे नव्हते. पहिली पायरी ती चढली. दुसरीवर जाऊन उभी राहिली, कण्हली नाही, फक्त डोळे मिटून घेतले. मी धावले.

"धर माझा हात."

"सोड गं. अंघोळीला हात धरून न्यायला मी काय बाळंतीण आहे?"

तशीच चढली. अंघोळ केली. उतरताना ओल्या पायरीवर पाय सरकला आणि ती तिथेच बसली. लागलं नाही, पण चेहरा पांढराफटक. मी पायरीवर गोणपाट टाकलं. यांनी संध्याकाळी न बोलता भिंतीला एक दांडी ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी आईने पंचा उचलला, गोणपाटाकडे बघितलं, दांडीकडे बघितलं आणि चपला घालून बाहेर पडली.

"कुठे निघालीस?"

"पमीकडे न्हाऊन येते. तिथं सपाट आहे."

आली परत तासाभराने. चहा माझ्याकडेच घेतला. मी स्वतःला समजावलं, न्हायला जाते, राहायला नाही. मग पंचा तिकडेच वाळत राहायला लागला. मग नेसायचं लुगडं तिकडे असलेलं बरं, म्हणून लुगडी गेली. अंघोळीनंतर लगेच गोळी घ्यायची असते, म्हणून गोळ्या गेल्या. अंघोळ झाल्यावर पूजा होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही हा तिचा जन्माचा नेम, आणि ओल्या केसांनी उन्हातून दोन अंगणं ओलांडून यायचं तिला होईना. एके दिवशी देवघरात गेले तर देवांचा डबा नव्हता. देव्हाऱ्यात नुसती डब्याची गोल खूण होती. शेजारी माझ्या बागेतल्या मोगऱ्याची ताजी फुलं मी ठेवलेली, तशीच पडलेली.

मग माझं डोकं फिरलं. तशीच अनवाणी पमीकडे गेले. आई आत झोपली होती. पमी ओसरीवर पालक निवडत बसली होती.

"काय शिकवलंस आईला?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

"फितवलंस ना तिला? देवसुद्धा पळवलेस! लहानपणापासूनची सवय आहे तुझी."

"बस."

"मी बसायला आले नाही."

"मग उभी राहून ऐक," पमी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज माझ्यापेक्षा वर चढला आणि मग तिनेच तो आवरला. "आईने फाल्गुनातच मला सांगितलं होतं, मी इंदीकडे राहणार म्हणून. तुझ्या न्हाणीला कोबासुद्धा झाला नव्हता तेव्हा."

मी ओसरीच्या कडेला टेकले.

"मला राग आला," ती म्हणाली. "मी म्हटलं, मी एकटी, आणि तू ताईकडे? तर म्हणाली, तुला एकटं राहता येतं, पमे. तू शहाणी आहेस. इंदीला भांडायला कुणीतरी लागतं. जावई बोलत नाहीत, ती भांडणार कुणाशी? मी दोन दिवस रडले. मग म्हटलं, बरोबर आहे तिचं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तिने बजावलं होतं. मी सांगेन, तू बोलू नकोस. आणि तू इस्माईलला घेऊन पाणी ओतत होतीस, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? म्हटलं, आई ताईकडे राहील. तिथेच जेवेल, तिथेच निजेल. निदान तिच्या अंघोळीचं पाणी तरी माझ्याकडे येऊ दे. सकाळी आळ्यात पाणी आलं की मला कळेल, आई उठली, न्हाली, बरी आहे. तेवढं बघून मी ड्युटीला गेले असते. मी तेवढंच मागत होते, ताई. तुला वाटलं मी लिंबाला मागतेय."

ती पालक निवडायला लागली. चांगली पानं आणि पिवळी पानं एकाच चाळणीत टाकत होती.

तिने तेव्हा हे सांगितलं असतं तर मी हसले असते, हेही मला तिथल्या तिथे कळलं. मी घरी आले, न्हाणीघरासमोर उभी राहिले आणि त्या तीन पायऱ्यांना मनातल्या मनात जे काही बोलले ते शाळेतल्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

इस्माईलला निरोप गेला. तो सायकलवरून आला. पायऱ्यांकडे बघितलं.

"हे सगळं फोडायचं," मी म्हटलं. "जमिनीसरसं करायचं. आणि पाणी पमीकडे सोडायचं."

"होतंय की, बाई," तो म्हणाला आणि बिडी विझवली.

मधली भिंत एव्हाना छातीएवढी झाली होती. तिच्या तळाशी भोक पाडून नळ पलीकडे काढला. खडी-वाळूचा खड्डा पमीच्या अंगाला, तिच्या धुण्याच्या दगडाशेजारी. माझी कर्दळ उपटून तिकडे लावली. फाटकाजवळचा मोगरा माना टाकणार हे दिसतच होतं. त्याला म्हटलं, बाबा रे, आता तुझं तू बघ. उंबरासुद्धा ठेवला नाही मी न्हाणीघराला. सगळं झाल्यावर फरशी कोरडी करून, नवीन पाट ठेवून मी आईला आणायला गेले. आई जपमाळ घेऊन बसली होती. पमी मुद्दाम आत गेली.

"आई, चल. सगळं पाडलं. एक पायरी नाही. तू चालत जाशील सरळ."

आईने माळ थांबवली. "बांधताना मला विचारलं नाहीस, इंदे."

"चुकले."

"पाडतानाही नाही विचारलंस."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"दोघी मिळून माझी वाटणी करताय," ती म्हणाली. रागाने नाही, दमल्यासारखी. "ही म्हणते पाणी मला, तू म्हणतेस आई मला. मी काय बादली आहे, इकडची तिकडे ओतायला? माझे देव आता इथं बसलेत. दोनदा उचलले. पुन्हा नाही उचलायची मी. मला जमत नाही गं आता."

"आई, पण मी सपाट केलं सगळं."

"बरं केलंस. म्हातारपणी तुझ्याच कामाला येईल."

"म्हणजे तू येणारच नाहीस?"

"चहाला येईन की रोज. आणि तू ये. भांडायला तशीही येतेसच."

मी उठले. ओसरी उतरताना पमीने आतून हाक मारली, पण मी वळले नाही. मला फार रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. सगळी अक्कल, सगळे खडू, मुरूम, इस्माईल, आणि शेवटी काय, तर पाणीही पमीकडे आणि आईही पमीकडे. घरी आल्यावर यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आता मान सरळ ठेवून न्हाता येईल." लग्नानंतर मी त्यांच्यावर पहिल्यांदाच उशी फेकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी डोक्यावरून न्हायला बसले. बंब सणसणीत तापला होता. मला कशाची शुद्ध नव्हती, रात्रभर डोळा लागला नव्हता. तांब्यामागून तांब्या डोक्यावर घेत होते. पाणी फरशीवरून सुळकन नव्या भोकात जात होतं, कुणी दटावल्याशिवाय, कुणी हात दाखवल्याशिवाय. मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पमीचा आवाज आला. "आई, आलं गं! ताईचं पाणी आलं!"

लहान पोरीसारखी ओरडली ती. मी तांब्या खाली ठेवला. पलीकडे आई धुण्याच्या दगडावर बसून सकाळचं ऊन खात असावी, कारण तिचा आवाज अगदी जवळून, भोकातूनच आल्यासारखा आला.

"बघू, बघू. अगं बाई! केवढं कढत घेते ही! हात पोळला माझा. डोक्यावरून घेतेय वाटतं, शिकेकाईचा वास येतोय. पमे, सांग तिला. असं उकळतं डोक्यावर घेऊन केस राहतील का? पित्त होतं तिला, डोकं धरून बसेल दिवसभर. गार पाण्याचं विसण घाल म्हणावं. आणि झोपलेली दिसत नाही रात्री. झोप झाली नाही की हिला कढत लागतं, लहानपणापासून."

"ताई, ऐकतेस का?" पमी भिंतीशी येऊन ओरडली. "आई म्हणते—"

"ऐकलं!" मी ओरडले. आवाज फुटला माझा. त्या ओल्या फरशीवर बसून मी रडले, मोठ्याने, केसातून शिकेकाई गळत असताना. आणि तरी मला बरं वाटत होतं, इतकं बरं मला त्या घरात आल्यापासून वाटलं नव्हतं. मग हंड्यातलं गार पाणी बादलीत ओतलं. हाताने ढवळलं. भरून एक तांब्या डोक्यावर घेतला आणि पाणी भोकाकडे जाताना बघत थांबले.

पलीकडे पडणाऱ्या धारेचा आवाज मोडला, कुणीतरी खाली हात धरला असावा.

"हां," आई म्हणाली. "आता बरंय."